अन्नपूर्णाबाईंची चिमूट

मेहकरच्या बाहेर असलेल्या फार्मसी कॉलेजात उकंडराव शिपाई म्हणून लागले, तेव्हा त्यांना बीकर आणि फ्लास्क यांतला फरकही ठाऊक नव्हता. एकतीस वर्षांनंतर मात्र नवे लागलेले प्राध्यापकसुद्धा आधी त्यांनाच विचारत, "काका, हा पाला सावलीत अजून किती दिवस ठेवायचा?" उकंडराव चार पानं मुठीत घेऊन चुरडत, कानाजवळ नेत आणि सांगत, "अजून दोन दिवस. आता दळला तं चिकटते." कागदावरचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' होता आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं तरी तोच होता. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, पांढऱ्या उंदरांच्या खोलीत जाऊन पिंजरे झाडायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मग प्रयोगशाळेची कुलपं काढायची, यात त्यांचा जीव रमला होता.

त्या वर्षी निशिगंधा नावाची मुलगी पीएच.डी.साठी कॉलेजात आली. मूळची बुलढाण्याची, बोलायला मोकळी, कामाला चिवट. जिल्ह्यातली माणसं हिवतापावर, म्हणजे मलेरियावर, जो झाडपाला वापरत आली त्याचे अर्क काढायचे आणि त्यांत खरंच काही गुण आहे का ते तपासायचं, हा तिचा विषय. मलेरियाचे जंतू माणसाच्या रक्तात वाढवून त्यांवर औषध घालून बघायची सोय इथे नव्हती. ते काम दूर शहरातली एक मोठी प्रयोगशाळा करणार होती. इथे करायचं ते झाडं गोळा करणं, वाळवणं, दळणं, अर्क काढणं, आणि तो अर्क पोटात गेल्यावर काही अपाय करतो का हे उंदरांवर पाहणं. बारा वनस्पतींची यादी तिनं भिंतीवर चिकटवली होती. कडुनिंब, गुळवेल, सातवीण, पारिजातक, अशी.

एके दुपारी अर्काचं यंत्र चालू होतं. वरच्या काचेच्या नळीत पावडर, खालच्या चंबूत उकळणारं स्पिरिट. वाफ वर जायची, थंड होऊन पावडरीवर ठिबकायची आणि हिरवं होऊन खाली उतरायची. त्याकडे बघता बघता उकंडराव सहज म्हणाले, "मॅडम, आमची माय तापावर सागरगोट्याचं औषध देत होती. मी पायलं नाही, पण मोताळ्याकडं आमच्या गावात मोठं नाव होतं तिचं. रोहिणखेडपासून लोक येत होते म्हणे."

निशिगंधानं लगेच वही ओढली. "सागरगोटा माझ्या यादीत नाही. आजी आहेत अजून?"

"हायेत नं. ऐंशीच्या झाल्या. माझ्यापाशीच राह्यतात."

पुढच्या रविवारी निशिगंधा घरी आली. उकंडरावांच्या बायकोनं, विमलबाईंनी, चहा-पोहे केले. त्यांची माय, अन्नपूर्णाबाई, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. निशिगंधानं त्यांच्याजवळ बसून, नीट समजावून, सागरगोट्याचं औषध कसं करत होता असं विचारलं. म्हातारीचे हात सुपातच थांबले.

"मले काही आठवत नाही, बाई," त्या म्हणाल्या.

"थोडंसं, आजी. किती बिया, भाजायच्या की नाही..."

"म्हटलं नं, आठवत नाही."

त्या सूप घेऊन आत निघून गेल्या. उकंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची माय बोलायला तुटक होती, पण घरी आलेल्या माणसाला असं कधी बोलली नव्हती. आणि न आठवणं तर शक्यच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोण रुसून बसलं, हे त्या बाईला पाठ होतं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उकंडराव कॉलेजला निघाले, तेव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उकंडा, त्या पोरीच्या यंत्रात एक गोष्ट समजते का?"

"कोणती?"

"औषधानं ताप जाते का नाही, ते राहू दे. औषधानं जिवाले धोका होते का, हे समजते का?"

"समजते. तेच तं पाह्यतो आम्ही. उंदराले देऊन पाह्यतो. काऊन?"

त्या म्हणाल्या, "संध्याकाळी येताना सागरगोटे आण. बाजारचे नको. कुपाटीवरचे, पिकलेले."

उकंडरावांनी वाट वाकडी करून एका ओळखीच्या शेताच्या काटेरी कुंपणावरून शेंगा काढल्या, हात रक्ताळून घेतले. निशिगंधानं शेंगांसोबत आणलेली एक फांदी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून झाडाची ओळख पक्की करून घेतली. मग मेहकरातल्या दोन खोल्यांच्या घरात, मागच्या अंगणात, अन्नपूर्णाबाईंनी चूल पेटवली. राखेत करड्या गोट्या पुरल्या. तडकल्याचा आवाज आला की एकेक बाहेर काढली, दगडानं फोडली, आतला पिवळसर गर वेगळा केला. मिऱ्याचे दाणे मोजून घेतले आणि पाट्यावर वाटायला बसल्या. ऐंशी वर्षांच्या हातात ती लय जशीच्या तशी होती. उकंडराव खांबाला टेकून बघत होते. आपल्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मायला हे करताना आपण एकदाही पाहिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. गावात एवढं नाव होतं, तर तिनं ते सोडलं कधी? आणि काऊन?

पावडर बरणीत भरून झाल्यावर प्रश्न आला मापाचा. "चिमूटभर द्यायचं," एवढंच त्या सांगत. निशिगंधा म्हणाली, "मग आजी, तुमचीच चिमूट मोजू. कॉलेजात याल?"

त्या आल्या. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, उकंडरावांच्या गाडीवर मागे बसून. प्रयोगशाळेत त्यांना स्टुलावर बसवलं आणि समोर काचेच्या पेटीतला तराजू ठेवला. फुंकर मारली तरी आकडे हलतात असा. निशिगंधानं चिमूट घ्यायला आणि कागदावर टाकायला सांगितलं. असं दहा वेळा. अन्नपूर्णाबाई तीन बोटं बरणीत घालत, किंचित झटकत आणि कागदावर सोडत. निशिगंधा आकडे लिहीत गेली आणि दहाव्यानंतर तिनं उकंडरावांकडे वही सरकवली. दहाही वजनं एकमेकांच्या इतकी जवळ होती की त्यांचा विश्वास बसेना.

"आजी, आमच्या कॉलेजातल्या मुलांना चमच्यानंसुद्धा इतकं सारखं जमत नाही," निशिगंधा म्हणाली. "ही मोठ्या माणसाची चिमूट ना? आणि लहान लेकराला?"

"अर्धी."

"अर्धी. दिवसातून?"

"एकडाव." म्हातारीनं बोटांना लागलेली पावडर पदराला पुसली. मग तराजूकडेच बघत म्हणाली, "पण तू दोन लिही."

"दोन काय?"

"दोन चिमट्या. पुऱ्या. मी दोन देल्या होत्या. छायाले."

उकंडरावांना हे नाव माहीत नव्हतं. आपल्याआधी दोन लेकरं गेली, म्हणून आपल्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नजर लागू नये म्हणून उकंडा नाव ठेवलं, एवढंच ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्या लेकरांना नावं होती, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

अन्नपूर्णाबाई हळूहळू सांगू लागल्या. पहिला मुलगा बाळंतपणातच गेला. दुसरी छाया. पाच वर्षांची झाली आणि भादव्यात तिला थंडी वाजून ताप येऊ लागला, एक दिवसाआड. आईनं आपलंच औषध दिलं, अर्धी चिमूट. ताप उतरे, पुन्हा चढे. नदीला पूर होता, मोताळ्याच्या दवाखान्यात जायला वाट नव्हती. पाचव्या पाळीला पोरगी तापानं फणफणली, बडबडू लागली. तेव्हा घाबरून तिनं एकदम दोन चिमट्या दिल्या. पोरीनं ओकारी काढली, आचके दिले आणि दिवस मावळायच्या आत गेली.

"माही नणंद तिथंच होती," त्या म्हणाल्या. "ते म्हणाली, तापानं नाही गेली, तुह्या औषधानं गेली. तू आपल्या हातानं मारली पोट्टीले. त्याच्यावर मी काय बोलू? देल्लं तं मीच होतं."

त्यानंतर त्यांनी सागरगोटा हातात धरला नाही. तापाची माणसं दारात आली तरी परत पाठवली. गाव म्हणालं, बाईला गर्व चढला. उकंडा सहा वर्षांचा असताना त्याला तसाच ताप आला, तेव्हा त्यांनी त्याला पाठीला बांधलं आणि चालत मोताळ्याचा दवाखाना गाठला. तिथल्या कडू गोळ्यांनी तो बरा झाला. तो प्रवास उकंडरावांना आठवत होता. मायची ओली पाठ आणि तिच्या केसांचा वास. ती त्या दिवशी कशापासून पळत होती, ते त्यांना आत्ता कळलं.

निशिगंधानं वहीचं नवं पान उघडलं. मग विचारलं, "छाया केवढी होती, आजी? वजनानं?"

"बारीक होती. पायलीभर ज्वारीचं गाठोडं उचलल्यावानी वाटे. दोन पायली म्हण."

निशिगंधानं त्या वयाच्या बारीक मुलीचं वजन धरलं, दोन चिमट्यांचं वजन घेतलं आणि उंदराच्या अंगाला ते किती होईल याचा हिशोब मांडला. कॉलेजच्या समितीची रीतसर परवानगी आली. तीन पिंजरे, प्रत्येकात सहा उंदीर. एकाला नुसतं पाणी. दुसऱ्याला छायाला दिली तेवढी मात्रा. तिसऱ्याला तिच्या चौपट. बोथट, वाकड्या सुईनं औषध थेट पोटात द्यायचं आणि चौदा दिवस नजर ठेवायची.

नजर ठेवायचं काम उकंडरावांचं. त्यांनी अशा शेकडो उंदरांच्या नोंदी आजवर केल्या होत्या, पण ह्या वेळी दार उघडताच ते आधी अठराही मोजून घेत. खाणं किती गेलं, पाणी किती, अंगावरचे केस कसे, चालतात कसे, शेपटीवरच्या पिवळ्या खुणेवरून एकेकाला ओळखून ते लिहीत. घरी पोचले की माय दारातच असायची.

"अठराच्या अठरा?"

"अठराच्या अठरा, माय."

मग ती वळून आत जाई. विमलबाई म्हणायच्या, दिवसभर त्यांचं कशात लक्ष नसतं, दुपारपासून रस्त्याकडे डोळे लावून असतात.

नवव्या दिवशी चौपट मात्रेच्या पिंजऱ्यात एक उंदीर कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेला दिसला. केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. उकंडराव लगबगीनं पुढे झाले. त्यांनी पिंजरा बाहेर काढून तपासला, तेव्हा दिसलं की पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकली होती आणि पाणी जेमतेम ठिबकत होतं. बाकीचे पाच दांडगे, जेवढे थेंब येत तेवढे तेच पिऊन जात असावेत. त्यांनी बाटली बदलली. उंदीर धडपडत आला आणि नळीला तोंड लावून राहिला. हे कोणाला न सांगता चाललं असतं. पण त्यांनी निशिगंधाला बोलावून दाखवलं आणि वहीत लिहिलं: अमुक खुणेचा उंदीर सुस्त, बाटली अडकलेली आढळली, बदलली. तपासणीत जे दिसलं ते लिहायचं, एवढं एकतीस वर्षांत ते शिकले होते.

संध्याकाळी मायनं विचारलं, "अठराच्या अठरा?"

"अठरा हायेत," ते म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं. "एक जरा सुस्त हाये. त्याची पाण्याची बाटली बिघडली होती. त्याच्यानंच असन. उद्या समजते."

अन्नपूर्णाबाई जागच्या जागी खाली बसल्या. उकंडरावही त्यांच्याजवळ बसले. विमलबाईंनी हाक मारली तरी दोघं बराच वेळ उठले नाहीत.

सकाळी उकंडरावांनी चहा न घेताच कॉलेज गाठलं. तो उंदीर दाण्यांच्या भांड्यात बसून दोन्ही पुढच्या पायांनी दाणा धरून कुरतडत होता. उकंडराव पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि एकटेच हसले. मग घरी फोन लावला, "विमल, मायले सांग, तो जेवून राह्यला."

चौदा दिवस पुरे झाले. अठराच्या अठरा शिल्लक होते. नेमाप्रमाणे शेवटी त्यांची आतडी, यकृत, मूत्रपिंडं तपासून झाली. त्यांतही औषधाचे म्हणावे असे व्रण सापडले नाहीत. ती तपासणी कशी करतात हे उकंडरावांनी मायला सांगितलं नाही. तेवढं एकच त्यांनी स्वतःजवळ ठेवलं.

सागरगोट्याचा अर्क शहरातल्या प्रयोगशाळेकडेही पाठवला होता, तिथला अहवाल यायला तीन महिने लागले. तो आला त्या दिवशी निशिगंधा स्वतः घरी आली. ह्या वेळी अन्नपूर्णाबाईंनी तिला हाताला धरून आपल्याजवळ बसवून घेतलं.

"आजी, दोन गोष्टी आहेत," ती म्हणाली. "एक अशी, की तुमच्या औषधानं मलेरियाचे जंतू थोडे मरतात. पण फारच थोडे. दवाखान्यातली गोळी त्याच्या कितीतरी पटीनं जोरदार आहे. माझ्या यादीतली दुसरी दोन झाडं तुमच्या सागरगोट्यापेक्षा बरी निघाली, तीही गोळीच्या जवळपास नाहीत."

"मंग लोक बरे कसे होत?"

"काही ताप आपोआप उतरतात. काही जणांना थोडा आधार मिळत असेल. सगळ्यांचं नाही सांगता येणार."

म्हातारीनं मान हलवली. हे तिला अनपेक्षित नव्हतं. "अन् दुसरी?"

"दुसरी अशी, की तुम्ही छायाला दिलं तेवढं, आणि त्याच्या चौपट देऊनही आमच्या एकाही उंदराला काही झालं नाही." निशिगंधानं अहवालाचे कागद बाजूला ठेवले. "उंदीर म्हणजे लेकरू नव्हे, आजी. त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. पण मलेरिया डोक्यात चढला की लेकरं बडबडतात, आचके देतात. तुम्ही सांगितलं ते सगळं तसंच आहे. मला विचाराल तर तिला तापानं नेलं. तुम्ही नाही."

अन्नपूर्णाबाईंनी आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. "तापानं," त्या म्हणाल्या. "मंग ते पोट्टी औषधानं वाचूही शकली नसती."

"नसती. त्या औषधानं तरी नाही."

"दवाखान्यात नेली असती तं?"

उकंडराव पुढे झाले. "नदीले पूर होता नं, माय. तूच सांगतलं. नेली असती तं तुम्ही दोघी गेल्या असत्या. अन् मी कुठून आलो असतो?"

तेव्हा ती रडली. मोठ्यानं नाही, तोंडाला पदर लावून, खांदे हलत, लहान मुलीसारखी. निशिगंधानं तिच्या पाठीवर हात ठेवला. विमलबाई आतून पाणी घेऊन आल्या आणि तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. उकंडरावांना मायला असं रडताना बघून भीती वाटली नाही. वाटलं, होऊ दे. किती दिवसांचं आहे.

निशिगंधाच्या प्रबंधात सागरगोट्याला दीड पान मिळालं. 'परिणाम क्षीण, तपासलेल्या मात्रेत अपाय आढळला नाही,' असं त्यात लिहिलंय. पुढचं काम ती दुसऱ्या दोन झाडांवर करते आहे आणि त्यांतून औषध होईल की नाही हे तिलाही अजून माहीत नाही. बरणीत उरलेली पावडर अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडेच ठेवायला दिली. गल्लीत कोणाला थंडी वाजून ताप आला की त्या काठी टेकत जातात आणि आरोग्यसेवकाला बोलावून, काचपट्टीवर रक्त घेऊन ते तपासायला पाठवल्याशिवाय त्या घरातून उठत नाहीत.

एका रविवारी सकाळी त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. उकंडरावांनी त्यांच्या शेजारी बसकण मारली. किती दिवस मनात होतं, आज विचारलं.

"माय, छाया कशी होती वो?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना कोणीच कधी विचारला नव्हता.

"काळीसावळी होती. तुह्यावानी नाक. शेंगदाणे लय आवडत तिले. कच्चेच खाये, अन् पोट दुखलं की खोटं बोले, मी नाही खाल्ले म्हणे. तोंडाले माती तशीच." त्या हसल्या. "अन् शेळीच्या पिलाले उचलून घेऊन सगळ्या गावात फिरे. मी म्हणो, अवो ठेव ते खाली, त्याची माय वरडते..."

उकंडराव गुडघ्यांना मिठी घालून ऐकत बसले. आत विमलबाईंनी ठेवलेला चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.